गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला? गॅस भरण्याआधी एवढं बघा

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो एका बंद वाटेत गोल गोल फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळालेला असतो. नव्याने गाडी घेतलेल्यांनी एवढं एक ध्यानात ठेवलं, तरी बरेच पैसे वाचतील.

मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ अठरा वर्षं फक्त गाड्यांच्या एसीचं काम करतोय. मार्चअखेर उन्हं तापायला लागली की फोन सुरू होतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: "दादा, गॅस संपलाय. भरायचे किती घ्याल?" आजार काय आहे ते माहीत नाही, पण औषध ठरलेलं आहे, असा हा प्रकार.

मागच्या मे महिन्यात दिंडोरीच्या एक ताई आल्या. त्यांच्या गाडीत त्याच उन्हाळ्यात तीनदा गॅस भरून झाला होता. भरला की आठ-दहा दिवस गार, मग परत गरम. तिसऱ्यांदा एसी गेला तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन वणीच्या गडावरून परतत होत्या. भर दुपार होती. आईंना वाटेत चक्कर आली, गाडी झाडाखाली लावून त्यांना पाणी पाजावं लागलं. मी डॅशबोर्ड खोलला तर आतल्या कूलिंग कॉइलला बारीक भोक पडलेलं. तिन्ही वेळचा गॅस त्याच भोकातून गेला होता. तीनपैकी एकाही वेळी गळती शोधायचा प्रयत्न झाला नव्हता. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून गाडीवाल्याने स्वतः काय काय बघावं आणि मेकॅनिककडे गेल्यावर काय विचारावं, ते इथे सविस्तर सांगतो.

एसी नेमकं करतो काय

रामकुंडात बुडी मारून वर आलं की वैशाखातही अंगावर शहारा येतो. अंगावरचं पाणी वाफ होऊन उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. एसी याच तत्त्वावर चालतो. फक्त पाण्याच्या जागी असा पदार्थ वापरतात, जो फार कमी तापमानाला उकळतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो. मोकळ्या हवेत तो उणे २६ अंशांना उकळतो.

डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. तिथे हा पदार्थ उकळतो आणि गाडीतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो हात भाजेल इतका तापतो. तिथून तो गाडीच्या अगदी पुढे, रेडिएटरच्या आधी बसवलेल्या कंडेन्सरच्या जाळीत जातो. बाहेरची हवा त्या जाळीतून जाताना त्याची उष्णता काढून घेते आणि तो परत द्रव होतो. पुढे ड्रायरमध्ये ओलावा गाळला जातो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून दाब एकदम उतरतो आणि तो पुन्हा कूलिंग कॉइलमध्ये येतो. म्हणजे एसी आतली गरमी उचलून बाहेर नेऊन टाकतो. ती उचलली जात नाहीये, की टाकली जात नाहीये, हे कळलं की अर्धं काम झालं.

हात घालण्याआधी

गाडी मोकळ्या जागेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, धुराने जीव जातो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला किंवा 'पी'वर. ओढणी, पदर, मोकळे केस, गळ्यातला टॉवेल बेल्टपासून लांब. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, त्यामुळे त्यात बोट घालायचं नाही.

आणि एसीचा एकही पाइप किंवा नट स्वतः सैल करायचा नाही. आत मोठा दाब असतो. बाहेर उडणारा गॅस कातडी गोठवतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर बोनेटखालच्या नारिंगी वायरींना अजिबात हात लावू नका. त्यांत जिवावर बेतेल इतका व्होल्टेज असतो, आणि एसीचा कॉम्प्रेसरही त्यावरच चालतो. अशा गाडीत खालच्या पायऱ्यांपैकी बटणं, फिल्टर आणि पुढची जाळी एवढंच बघा.

पायरी १: बटणं आणि थर्मामीटर

ऐकायला साधं वाटेल, पण दरवर्षी काही गाड्या माझ्याकडून नुसतं बटण दाबून परत जातात. एसीच्या बटणाचा दिवा लागलाय का? तापमानाचा नॉब पार निळ्या टोकाला आहे का? आतलीच हवा फिरवायचं बटण, ज्यावर गाडीच्या चित्रात वळलेला बाण असतो, ते चालू आहे का? ते बंद असेल तर बाहेरची चाळीस अंशांची हवा सतत आत येते आणि एसी बिचारा तीच गार करत बसतो.

दुसरं म्हणजे, उन्हात दोन तास उभी राहिलेली गाडी आतून भट्टी झालेली असते. सगळ्या काचा खाली करून दोन-तीन मिनिटं गाडी चालवा, कोंडलेली गरम हवा निघून जाऊ द्या, मग काचा लावून आतली हवा फिरवायचं बटण दाबा. एवढ्यानेच बऱ्याच जणांची तक्रार जाते.

आता 'गार' म्हणजे किती गार, ते मोजू. फिश टँकसाठी वायरवाला छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो आणा. त्याचं टोक डॅशबोर्डच्या मधल्या, हवा येते त्या जाळीत खोचा, ब्लोअर (आत हवा फेकणारा पंखा) मधल्या वेगावर ठेवा, दारं-काचा बंद, आणि इंजिन पंधराशे आरपीएमच्या आसपास ठेवून दहा मिनिटं थांबा. बाहेर तीस-बत्तीस अंश असताना निरोगी एसी सहा ते दहा अंशांची हवा देतो. मे महिन्याच्या दुपारी उभ्या गाडीत बारा-तेरा आलं तरी लगेच घाबरू नका. पण वीसच्या खाली उतरतच नसेल, तर पुढे चला. हा आकडा, तारीख आणि बाहेरचं तापमान लिहून ठेवा. मेकॅनिकला "पहिल्यासारखा गार नाही" असं सांगण्यापेक्षा "बावीसवर अडकतोय" असं सांगा, त्याचं काम सोपं होतं.

पायरी २: हवा कमी येते, की गरम येते?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि लोक त्या हमखास एकत्र करतात.

हवा गार आहे पण जोर नाही, तर गॅसचा विषय सोडून द्या. आधी केबिन फिल्टर बघा. बहुतेक गाड्यांत समोरचा ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडला की मागे एक सपाट झाकण दिसतं, त्यात तो असतो. काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलला कंपनीतून फिल्टर येतच नाही, तेव्हा माहितीपुस्तिका बघून घ्या. शहरात सगळीकडे रस्त्यांची कामं चालू आहेत, सिंहस्थाची तयारी आहे. ती धूळ याच फिल्टरमध्ये अडकते. मी काढलेल्या कित्येक फिल्टरमधून पलीकडचा उजेडसुद्धा दिसत नाही. झटकून एकदा चालतं, नंतर नवीनच टाका. बसवताना त्यावरचा हवेच्या दिशेचा बाण जुन्यासारखाच ठेवा.

ब्लोअर फक्त सगळ्यात मोठ्या वेगावर चालतो आणि खालच्या वेगांवर बंद असेल, तर त्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलेला असतो. हे स्वस्तातलं काम आहे.

आणि एक फसवी तक्रार: नाशिकहून निघताना एसी मस्त असतो, तासाभरात कसारा घाटापर्यंत हवेचा जोर कमी कमी होत जातो आणि शेवटी नुसती फुंकर येते. एसी पंधरा मिनिटं बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला की परत जोर येतो. याचा अर्थ आतल्या कॉइलवर बर्फ धरतोय. कॉइलचं तापमान सांगणारा सेन्सर बिघडला, हवा कमी पडली किंवा गॅस थोडा कमी झाला, तर असं होतं. मेकॅनिकला हे नेमकं असंच सांगा, कारण त्याच्या दारात गाडी थोडा वेळ उभी राहिली की बर्फ वितळतो आणि त्याला सगळं ठीक दिसतं.

हवेचा जोर भरपूर आहे, पण ती गरम किंवा कोमट आहे, तर बोनेट उघडायचं.

पायरी ३: 'टक्' ऐका

एकाने आत बसून एसीचं बटण चालू-बंद करायचं, दुसऱ्याने बोनेटपाशी उभं राहायचं. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बेल्टची पुली असते. बटण दाबल्यावर 'टक्' असा आवाज येऊन पुलीच्या पुढची चकती तिच्यासोबत फिरू लागली पाहिजे. एसी बंद असताना बाहेरची पुली फिरते आणि चकती स्थिर असते. हा मॅग्नेटिक क्लच. काही नव्या गाड्यांत क्लच नसलेला कॉम्प्रेसर असतो, त्यात हा आवाज येणारच नाही. ते बिघाडाचं लक्षण समजू नका.

टक् होतं आणि चकती सलग फिरते, तर पुढच्या पायरीवर जा.

टक् होतं, पाच-दहा सेकंदांत सुटतं, परत होतं, परत सुटतं. इथे गॅस कमी असण्याचा संशय खरा. दाब उतरला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, दाब चढला की परत चालू करतो.

टक् होतच नसेल तर आधी फ्यूज. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर नकाशा असतो. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. मोठा फ्यूज किंवा तार लावली तर वायरिंग पेटू शकतं. नवा लगेच उडाला तर थांबा, कुठेतरी शॉर्ट आहे. मग रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच: त्याच डब्यात हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर दोघांची अदलाबदल करून बघता येते. उंदरांनी वायर कुरतडलीय का, तेही बघा. गंगापूर रोड, आडगाव, मखमलाबाद, जिथे शेताला लागून घरं आहेत तिथून माझ्याकडे अशा गाड्या सारख्या येतात.

फ्यूज, रिले, वायर ठीक असूनही टक् नाही, म्हणजे बहुधा गॅस जवळपास पूर्ण गेलाय आणि स्विचने कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी तो बंद ठेवलाय. काही जण स्विचला बाहेरून वायर जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने फिरवून दाखवतात. तसं करू देऊ नका. कॉम्प्रेसरला लागणारं तेल गॅससोबतच फिरत असतं. गॅस नाही म्हणजे तेल पोहोचत नाही, आणि एवढा महागाचा भाग काही मिनिटांत घासून संपतो.

इंजिन जास्त तापलं तरी गाडीचा कॉम्प्युटर एसी बंद करतो. घाट चढताना एसी गेला आणि तापमानाचा काटा वर असेल, तर दुखणं एसीत नसून रेडिएटरमध्ये आहे. गाडी बाजूला घ्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

पायरी ४: पंखा आणि पुढची जाळी

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण नाशिक जिल्ह्यातल्या निम्म्या तक्रारी मला इथेच सुटताना दिसतात.

लक्षण अगदी ठरलेलं. मुंबई हायवेला गाडी ऐंशीने पळत असताना एसी गार. द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्याला पाच मिनिटं अडकली की कोमट. परत हायवेला लागली की गार. सकाळी बरा, दुपारी बेकार. असं असेल तर गॅस भरू नका. गरमी उचलली जातेय, पण बाहेर टाकली जात नाहीये. गाडी पळताना समोरचा वारा जाळी थंड करतो. गाडी उभी राहिली की ते काम पंख्याचं, आणि पंखा तरी बंद आहे किंवा जाळी तरी तुंबलीय.

एसी चालू करून बोनेटपाशी उभं राहा. बऱ्याच गाड्यांत पंखा लगेच किंवा मिनिट-दोन मिनिटांत सुरू होतो. कॉम्प्रेसर चालू आहे आणि पाच मिनिटं झाली तरी पंखा हलत नाही, तर फ्यूज, रिले, नाहीतर मोटर. मंद फिरत असेल तरी मोटर म्हातारी झालीय. काही गाड्यांत दोन पंखे असतात, दोन्ही बघा.

पंखा ठीक असेल तर जाळी. पुढच्या ग्रिलमधून टॉर्च मारून आत बघा. किडे, पानं, चिखल सगळीकडेच असतात. आपल्याकडे त्यात भर पडते कांद्याच्या फोलपटांची. पिंपळगाव, लासलगाव, चांदवडच्या रस्त्याने कांद्याच्या ट्रॅक्टरमागून रोज गाडी चालवणाऱ्यांच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये ही फोलपटं ओंजळी-ओंजळीने निघतात. पुढून जाळी स्वच्छ दिसते, दोन्हींच्या मधली फट मात्र पार भरलेली असते. पावसाळ्यात इगतपुरीकडचा चिखल त्यावर बसतो आणि वाळून सिमेंट होतो.

खात्री करायची सोपी युक्ती अशी. एसी चालू, थर्मामीटर डॅशबोर्डच्या जाळीत. बागेच्या झारीने किंवा स्प्रेच्या बाटलीने समोरून कंडेन्सरवर साधं पाणी शिंपडा. पंख्याच्या मोटरवर, वायरींवर किंवा तापलेल्या इंजिनवर नको. दोन मिनिटांत आकडा चार-पाच अंशांनी खाली आला, तर गॅस पुरेसा आहे आणि दोष जाळीचा किंवा पंख्याचा आहे, असं जवळजवळ नक्की समजा.

धुताना प्रेशर वॉशरची तोटी जवळून मारू नका. जाळीचे पत्रे कागदासारखे असतात, आडवे झाले की हवेची वाट कायमची बंद. इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, साध्या नळीने हलक्या धारेने धुवा आणि जमलं तर रेडिएटरच्या बाजूने पुढे पाणी येऊ द्या, म्हणजे घाण ज्या वाटेने आली त्याच वाटेने बाहेर पडते. मधली फट भरली असेल तर बंपर सोडवून कंडेन्सर पुढे झुकवावा लागतो. ते मेकॅनिकला करू द्या, पण सांगा मात्र नक्की: "मधली फट साफ करून द्या."

पायरी ५: दोन पाइपांना हात

इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्यात अॅल्युमिनियमचे दोन पाइप शिरताना दिसतात, एक जाड, एक बारीक. एसी दहा मिनिटं चालल्यावर तिथेच, पत्र्यापाशी, हात लावायचा. कॉम्प्रेसरपासून पुढच्या जाळीकडे जाणारा पाइप चटका देतो, त्याला लावायचा नाही.

जाड पाइप गार आणि घामेजलेला, बारीक कोमट: यंत्रणा नीट चालतेय. तरीही आत गरम हवा येत असेल तर बिघाड डॅशबोर्डच्या आत आहे. तिथे एक झडप असते, जी हवेला हीटरकडे किंवा हीटर वगळून पाठवते. तिची छोटी मोटर अडकली की गार झालेली हवा परत हीटरवरून फिरून येते. डॅशबोर्डमधून टिकटिक येणं किंवा ड्रायव्हरकडे गरम आणि शेजारी गार हवा येणं, ही त्याची खूण. अशा गाडीत कितीही गॅस भरा, फरक पडणार नाही.

दोन्ही पाइपांना सारखंच तापमान लागतंय: गॅस नाही, किंवा कॉम्प्रेसर फिरतोय पण दाबत नाहीये. इथून पुढे दाब मोजणारं गेज लागतं, ते मेकॅनिककडे.

पायरी ६: गळतीच्या खुणा

गॅससोबत तेल फिरतं, हे वर आलंच. त्यामुळे जिथून गॅस गळतो तिथे तेलाचा ओशट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. पाइपांचे सांधे, कॉम्प्रेसरचं तोंड, कंडेन्सरचे खालचे कोपरे टॉर्चने बघा. समोरून उडणाऱ्या खडीने कंडेन्सरला बारीक भोकं पडतात. गॅस भरायच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी जागेवर आहे का? ती नसेल तर आत धूळ जाऊन व्हॉल्व्हची पिन गळू लागते, आणि हे अगदी किरकोळ दुरुस्तीचं काम आहे.

गाडीखाली स्वच्छ पाण्याचं थारोळं दिसलं तर काळजी नको, उलट एसी काम करतोय म्हणून ते पडतं. तेच पाणी पायपुसण्यावर, शेजारच्या सीटच्या पायाशी आलं तर ड्रेनची नळी तुंबलीय. ते पाणी चिकट असेल आणि गोडसर वास येत असेल, तर ते इंजिनचं कूलंट आहे; गाडी लगेच दाखवा.

मेकॅनिककडे गेल्यावर

तुम्ही जे पाहिलं ते क्रमाने सांगा आणि "गॅस भरा" म्हणू नका. "आधी तपासून सांगा" म्हणा.

तो दाब मोजणारी दोन घड्याळं (गेज) लावेल, निळं कमी दाबाचं आणि लाल जास्त दाबाचं. आर-१३४एच्या गाडीत, बाहेर ३०-३५ अंश असताना, निळं साधारण २५ ते ४५ पीएसआय (दाबाचं माप) आणि लाल १७५ ते २५० च्या आसपास दिसतं. दोन्ही काटे खाली: गॅस कमी. दोन्ही फार वर: गॅस जास्त भरलाय, नाहीतर जाळी-पंख्याची भानगड. निळं वर आणि लाल खाली: कॉम्प्रेसर थकलाय. निळं शून्याकडे जातंय: वाटेत कुठेतरी चोक आहे, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर.

एसी बंद असताना घड्याळ बघून कुणी म्हणालं, "शंभर पीएसआय आहे, म्हणजे गॅस फुल आहे," तर ते मानू नका. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल, तरी बंद यंत्रणेचा दाब फक्त तापमानावर ठरतो. घरातल्या सिलिंडरचंही तसंच आहे. तो किती उरलाय ते आपण वजनावरूनच ओळखतो.

गॅस कमी निघाला, तर पहिला प्रश्न: "गळती कुठे आहे?" शोधायच्या पद्धती आहेत. आत नायट्रोजन भरून दाब धरतोय का बघतात, सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधतात, गॅस हुंगणारं यंत्र फिरवतात, किंवा चमकणारा रंग सोडून निळ्या दिव्याखाली बघतात. कूलिंग कॉइलची गळती सगळ्यात उशिरा सापडते, कारण ती आत दडलेली असते. बाहेर काहीच सापडत नसेल तर ब्लोअरच्या बाजूने किंवा ड्रेनच्या नळीपाशी हुंगणारं यंत्र लावायला सांगा. दिंडोरीच्या ताईंच्या गाडीत आम्हाला पहिला इशारा ड्रेनपाशीच मिळाला होता. बाटलीतलं 'लीक बंद करणारं' औषध मात्र आत टाकू देऊ नका. ते व्हॉल्व्हमध्ये घट्ट बसतं आणि गॅस काढणारं यंत्रही खराब करतं.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम. आतली हवा आणि ओलावा ओढून काढल्याशिवाय गॅस भरणं चूक आहे. पंप किमान अर्धा तास चालला पाहिजे, मग बंद करून दहा-पंधरा मिनिटं काटा हलत नाही ना, हे बघायचं. हलला तर गळती अजून आहे. व्हिडिओंमध्ये व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या २९-३० इंचांवर दाखवतात, आणि मग नाशिकचे ग्राहक विचारतात की आपला २८ वरच का थांबला. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाबच कमी, म्हणून चांगला पंपही काटा २८ च्या आसपासच नेतो. त्यात मेकॅनिकची चूक नाही.

यंत्रणा बरेच दिवस उघडी राहिली असेल, तर ड्रायर बदलावा. सांधा उघडला की ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, नवीच. तेल कॉम्प्रेसरला चालणारंच हवं, कुठलंही नाही.

शेवटी गॅस, आणि तो वजनावर. बोनेटच्या आत किंवा समोरच्या पट्टीवर एक स्टिकर असतो, त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात. छोट्या गाड्यांत हा आकडा साधारण ३५० ते ५०० ग्रॅम असतो. मागच्या सीटसाठी वेगळा एसी असलेल्या मोठ्या गाड्यांत बराच जास्त. कॅन काट्यावर ठेवून भरायला सांगा आणि शेजारी उभं राहून आकडा बघा. जास्त भरला म्हणून जास्त गार होत नाही, उलट गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. स्टिकरवर आर-१२३४वायएफ लिहिलं असेल तर त्यात आर-१३४ए घालायचा नाही. स्वस्त म्हणून मिळणाऱ्या काही कॅनमध्ये पेट घेणाऱ्या गॅसची भेसळ असते, तेव्हा सील असलेला, नाव छापलेला कॅन मागा.

जुना गॅस हवेत सोडून देऊ नका, यंत्राने काढून घ्यायला सांगा. पूर्वीचा आर-१२ ओझोनचा थर खात होता म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हद्दपार झाला. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण तेराशे-चौदाशे पट उष्णता धरून ठेवतो. आपल्याच उन्हाळ्यात ती भर आहे.

रस्त्यातच बंद पडला तर

काचा खाली करा, ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवा. गाडीत म्हातारं माणूस, लहान मूल किंवा बाळंतीण असेल तर "अजून वीसच किलोमीटर" असं म्हणत रेटू नका. सावलीत थांबा, पाणी द्या, ओला रुमाल मानेवर ठेवा. माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागला किंवा अंग तापून घाम थांबला, तर आधी दवाखाना गाठा, गाडीचं नंतर बघू. मुलांना बंद गाडीत एकटं सोडायचं नाही, एसी चालू असला तरी.

कॉम्प्रेसरमधून खरखर येत असेल, जळका वास असेल किंवा बेल्ट किंचाळत असेल, तर एसी लगेच बंद करा. काही गाड्यांत तोच बेल्ट बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही फिरवतो. कॉम्प्रेसर जाम होऊन बेल्ट तुटला तर गाडी तिथेच उभी राहील.

थंडीतही दहा मिनिटं

निफाडला डिसेंबर-जानेवारीत बोटं बधिर होतात, तेव्हा चार-चार महिने एसीचं बटण कुणी दाबत नाही. तेवढ्या काळात कॉम्प्रेसरचं सील कोरडं पडतं आणि मार्चमध्ये पहिल्यांदा चालवला की गळायला लागतं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, हीटरसोबत चालवला तरी चालेल. पावसाळ्यात त्र्यंबकच्या रस्त्याला समोरची काच आतून धुरकट होते, तेव्हा तर तो लागतोच. हवेतला ओलावा काढून तो काच अर्ध्या मिनिटात स्वच्छ करतो.

आणि आज घरी गेल्यावर बोनेट उघडून त्या ग्रॅमच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. दहा वर्षांच्या गाडीवर तो उन्हाने आणि धुण्याने पुसट होतो, आणि मग किती गॅस भरायचा हे अंदाजाने ठरतं.